आरक्षण बदलाची नोटीस त्या भूखंडावरच लावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाल्यावर २२७ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. या सभागृहाकडून कोणी रस्त्यांची, कोणी पाण्याची अपेक्षा धरली असेल. माझी अपेक्षा त्या मानाने फारच लहान आहे, तिला विशेष खर्च येत नाही आणि कायद्यातही बदल करावा लागत नाही. भूखंडाचे आरक्षण, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात तो मैदान, शाळा अशा ज्या सार्वजनिक कामासाठी राखलेला असतो ते, बदलायचे असेल किंवा नवे शुल्क लावायचे असेल, तेव्हा ‘हरकती व सूचना’ मागवणारी जी जाहीर सूचना निघते, ती ज्यांच्यासाठी निघते त्यांच्या नजरेस पडेल अशी काढावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे लिहायला निमित्त झाले ते आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेचे. तिची एका बाजूची भिंत पडलेली आहे, एका कोपऱ्यात दरवर्षी गणपतीचा मांडव उभा राहतो आणि उरलेल्या जागेत मुले खेळतात. परिसरातील सगळे तिला ‘डेअरीमागचे ग्राउंड’ म्हणतात. डेअरी बंद होऊन कितीतरी वर्षे लोटली, नाव मात्र टिकून आहे. एका रविवारी रद्दीवाला यायचा म्हणून वर्तमानपत्रे बांधत असताना माझ्या पत्नीचे लक्ष आतल्या पानावरील एका जाहीर सूचनेकडे गेले. त्या सूचनेत ना डेअरी होती, ना ग्राउंड, ना रस्त्याचे नाव. ‘मौजे’ या शब्दापुढे महसुली गावाचे नाव, त्यापुढे नगर भूमापन क्रमांक, त्यापुढे ‘पै.’ (म्हणजे ‘पैकी’), मग चौरस मीटरमधील क्षेत्र आणि शेवटी ‘खेळाचे मैदान या आरक्षणातून अंशतः वगळून निवासी विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे’ असे एक वाक्य, इतकाच तो मजकूर होता. मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या, खटपटीत आमच्या इमारतीचे मालमत्ता पत्रक पत्नीने इतक्या वेळा हाताळले होते, की हा क्रमांक आमच्या लगतचा आहे हे तिला वाचताक्षणीच कळले. एरवी तो कागद रद्दीच्या गठ्ठ्यात गेला असता आणि आम्हाला मैदानाची बातमी पहिला जेसीबी आल्यावरच समजली असती.

एक महिन्याच्या मुदतीपैकी तेव्हा पाच दिवस उरले होते. नकाशा पाहायला संबंधित कार्यालयात जावे लागले, अर्थात कामकाजाच्या दिवशी आणि कामकाजाच्या वेळेत. नोकरी करणाऱ्या माणसाने त्यासाठी रजा टाकावी लागते; मी निवृत्त असल्यामुळे तेवढे वाचलो. नकाशावर आमचे मैदान हिरव्या रंगात होते आणि त्यावर ‘आरओएस १.४’ असे लिहिलेले होते. याचा अर्थ खेळाचे मैदान, हे खिडकीतील कर्मचाऱ्याने सौजन्याने सांगितले म्हणून कळले. परत येऊन मी हरकतीचा मसुदा लिहिला, दोन मजले खाली राहणाऱ्या मुलीने तो टंकलिखित करून दिला, आणि तीन रात्री जिने चढून-उतरून एकेचाळीस जणांच्या सह्यांची एकेचाळीस स्वतंत्र पत्रे आम्ही वेळेत दाखल केली. प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर पोचेचा शिक्का मारून घेतला. हे अनुभवाचे शहाणपण आहे. शिक्का नसलेल्या अर्जाला या शहरात अस्तित्व नसते.

सुनावणी एका मंगळवारी दुपारी तीन वाजता झाली. एकेचाळिसांपैकी आम्ही चौघे पोहोचलो. त्या मैदानावर खेळणाऱ्यांपैकी अर्थातच कोणी नव्हते, ते त्या वेळी शाळेत होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारले, ‘आपण जमिनीचे मालक, भाडेकरू की धारक?’ आम्ही म्हणालो, शेजारी राहणारे. त्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे सर्वसाधारण हरकत.’ अधिकारी सभ्य होते, त्यांनी आमचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकलेही, म्हणून मी येथे कार्यालयाचे नाव घेत नाही आणि मला त्या व्यक्तीविषयी तक्रारही करायची नाही. परंतु ‘सर्वसाधारण’ हा शब्द मात्र तेव्हापासून मनात घर करून बसला आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातील कलम ३७ मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करण्याविषयी आहे. या कलमाप्रमाणे फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि नियोजन प्राधिकरण (येथे महापालिका) ठरवील अशा अन्य रीतीने प्रसिद्ध करायची असते, तीवर कोणत्याही व्यक्तीला एक महिन्याच्या आत हरकत घेता येते, आणि त्याखेरीज फेरबदलामुळे बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींना स्वतंत्र नोटीस देऊन त्यांची सुनावणी घ्यायची असते. यातील दोन गोष्टींकडे मी लक्ष वेधू इच्छितो. पहिली म्हणजे, ‘बाधित’ म्हणजे केवळ सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव असलेला मनुष्य, असे या कलमात कोठेही म्हटलेले नाही. मैदानाचे आरक्षण उठल्याने मालकाचा बहुधा फायदाच होतो. बाधित होतात ती आजूबाजूच्या इमारतींमधील माणसे, आणि नोटीस जाते ती मालकाला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सूचना कोणत्या रीतीने प्रसिद्ध करायची हे ठरवण्याची मुभा कायद्याने प्राधिकरणालाच दिलेली आहे. राजपत्र आणि वर्तमानपत्र यांवर थांबावे असे बंधन नाही. जागेवर चार फूट बाय तीन फूट आकाराचा फलक उभारावा, त्यावर आजचे आरक्षण काय, प्रस्तावित बदल काय, हरकत कोठे व कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हे लिहावे, आणि लगतच्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर त्याची प्रत डकवावी, एवढे ठरवायला विधिमंडळात जाण्याची गरज नाही. पाणी येणार नसले तर त्याची पत्रके सोसायटीपर्यंत पोहोचतातच की.

मालकाची बाजू मला दिसत नाही असे नाही. आरक्षण टाकून वर्षानुवर्षे जमीन ताब्यात घ्यायची नाही आणि मालकालाही काही करू द्यायचे नाही, हा अन्यायच आहे, आणि म्हणूनच त्याच अधिनियमात दहा वर्षे संपादन न झाल्यास मालकाला खरेदी सूचना (जमीन विकत घ्या अशी नोटीस) देण्याचा व पुढे ठरलेल्या मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत झाल्याचे, म्हणजे आपोआप संपल्याचे, मानून घेण्याचा मार्ग ठेवलेला आहे. समावेशक आरक्षणाच्या तत्त्वाने काही भाग विकसित करून पालिकेला द्यायचा व उरलेला मालकाने वापरायचा, हीही तडजोड पुष्कळदा रास्त असते. आमच्या मैदानाच्या बाबतीत कदाचित तीच योग्य ठरेल. आमचे म्हणणे इतकेच, की ती तडजोड होत असताना आम्हाला ती ठाऊक असावी.

शुल्काच्या बाबतीतही हेच घडते. एप्रिल २०२५ मध्ये घनकचरा व्यवस्थापनाच्या नव्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि ३१ मेपर्यंत हरकती मागवण्यात आल्या. त्यात घरोघरच्या कचऱ्यासाठी वापरकर्ता शुल्क सुचवले होते: ५० चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्राच्या घराला महिना १०० रुपये, ५० ते ३०० चौरस मीटरच्या घराला ५०० रुपये आणि त्याहून मोठ्या घराला १,००० रुपये. आमच्या इमारतीत एका बाजूची घरे ५३० चौरस फुटांची आणि दुसऱ्या बाजूची ५४० चौरस फुटांची आहेत. फुटांचे मीटर केले तर पहिली ४९.२४ आणि दुसरी ५०.१७ भरतात. म्हणजे समोरासमोरच्या दोन दारांत, रोज सारखाच ओला आणि सुका कचरा देणाऱ्या दोन कुटुंबांत, एकाने वर्षाला १,२०० आणि दुसऱ्याने ६,००० रुपये भरायचे. दहा चौरस फूट म्हणजे आमच्याकडे देवघर आणि त्याखालचा चपलांचा कप्पा. पुन्हा पेडर रोडवरील तीन हजार चौरस फुटांच्या घरालाही तेच पाचशे, कारण तेही ३०० चौरस मीटरच्या आतच बसते.

कचरा उचलायला पैसे लागतात आणि ते कोणीतरी दिलेच पाहिजेत, याबद्दल माझा वाद नाही. जकात १ जुलै २०१७ पासून गेली, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर जानेवारी २०२२ पासून माफ झाला, तेव्हा पालिकेला नवे मार्ग शोधावे लागणार हे सामान्य माणसालाही कळते. परंतु या टप्प्यांमधील विसंगती मला कोणी दाखवून दिली नव्हती. ती आमच्या सचिवांनी गणकयंत्र काढून कागदावर मांडली तेव्हा समजली, आणि तीही मेच्या शेवटच्या आठवड्यात, निम्मी सोसायटी गावी गेलेली असताना. मे महिन्यात मुंबईकरांकडून हरकती मागवणे म्हणजे चाकरमान्यांना शिमग्याला बैठकीचे निमंत्रण देण्यासारखे आहे. सभागृहात त्या वेळी एकही नगरसेवक नव्हता, त्यामुळे आपल्या वतीने हे कोणी बोलेल अशीही सोय नव्हती.

येथे एका आकड्याचा विचार व्हावा. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. तिला २२७ ने भागले तर एका नगरसेवकाच्या वाट्याला सुमारे ५५ हजार माणसे येतात. महाराष्ट्रात ४० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या गावाला ‘ब’ वर्गाची नगरपरिषद असते. तिला नगराध्यक्ष असतो, वीसहून अधिक सदस्य असतात, स्वतःची सर्वसाधारण सभा असते, आणि गावातल्या एखाद्या जागेचा विषय पटलावर आला की चहाच्या टपरीवर त्याची वाच्यता आधी होते आणि सभेत नंतर. तेवढ्याच वस्तीला मुंबईत एकच नगरसेवक मिळतो, आणि आमच्या मैदानाचा विषय महापालिकेच्या शेकडो विषयांतला एक होऊन बसतो. मोठ्या शहराला हे टाळता येत नाही हे मान्य. म्हणून तर शहरांच्या स्थानिक कारभाराविषयीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने एकेका भागासाठी प्रभाग समित्यांची कल्पना आणली, आणि मुंबईच्या अधिनियमात त्या समित्यांवर नगरसेवकांबरोबर बिगरशासकीय संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूदही आहे. आपल्या हद्दीतील आरक्षण बदलाचा प्रत्येक प्रस्ताव प्रभाग समितीच्या बैठकीत वाचला जावा, हरकतींची सुनावणी विभाग कार्यालयातच आणि शनिवारी किंवा सायंकाळी सहानंतर व्हावी, आणि शुल्काचा कोणताही मसुदा मालमत्ता कराच्या देयकासोबत प्रत्येक सोसायटीत पोहोचावा, असे ठराव या समित्यांनी करून पाठवले तर सभागृहाला ते डावलणे अवघड जाईल. दहिसरच्या किंवा मुलुंडच्या माणसाने आपल्या गल्लीतल्या जागेविषयी पाच मिनिटे बोलण्यासाठी फोर्टपर्यंत लोकलने जाऊन यावे, ही अपेक्षाच मुळात विचित्र आहे.

प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर मिळावे, ही मागणी मात्र ठरावाने भागणारी नाही, तिला मनुष्यबळ लागेल, याची मला कल्पना आहे. तरीही ती सोडून देऊ नये असे वाटते. शहराच्या २०१४ ते २०३४ या कालावधीच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या चुका हजारो हरकतींनीच उघड्या पाडल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो फेरतपासणीसाठी मागे घ्यायला लावावा लागला आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यालयात बसून नकाशा काढणाऱ्याला न दिसणारे विहीर, शाळा, जुने मंदिर हे त्या गल्लीत राहणाऱ्याला दिसते. तेव्हा नागरिकांनी फुकट केलेले हे काम ‘सर्वसाधारण’ म्हणून बाजूला ठेवणे खुद्द प्रशासनालाच परवडणारे नाही.

भाषेविषयी एक शब्द. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून व्हावा असा कायदा २०२२ मध्ये झाला आणि आम्ही वाचलेली सूचना मराठीतच होती. पण ‘उक्त अधिनियमाच्या उक्त कलमान्वये उक्त जमिनीच्या’ असे तीन वेळा ‘उक्त’ वाचल्यावर माझ्या दहावीतल्या नातवाने विचारले, ‘आजोबा, हे मराठीत काय लिहिलंय?’ मी छत्तीस वर्षे मराठीतूनच कचेरीचे काम केले आहे, तरी मला उत्तर द्यायला दोनदा वाचावे लागले.

शेवटी आपल्यालाही एक विनंती. या जाहीर सूचना आपल्यासारख्या वर्तमानपत्रांत छापल्या जातात, त्या बारीक टायपात, निविदा आणि हरवलेल्या भाग दाखल्यांच्या (शेअर सर्टिफिकेटांच्या) शेजारी. आपण आठवड्यातून एकदा, मुंबईच्या पानावर, त्या आठवड्यात निघालेल्या आरक्षण बदलाच्या सूचनांची यादी विभाग, रस्ता, आजचे आरक्षण, प्रस्तावित बदल आणि अंतिम तारीख एवढ्या तपशिलांसह सोप्या मराठीत छापावी. आमच्या ‘डेअरीमागच्या ग्राउंड’चा भूमापन क्रमांक आणि सूचनेचे कात्रण मी या पत्रासोबत जोडले आहे, यादीची सुरुवात तेथून करता येईल.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
मुंबई उपनगर