आबांचा आजार आणि तुझी जनुकीय तपासणी

कोल्हापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आबांच्या आजारामुळे आपणही जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असे तू विचारतोस. परवा शिवाजी पेठेत आबांना भेटून आलो. खासबागेतल्या जुन्या कुस्तीचा डाव त्यांनी हातवारे करून बारकाईने सांगितला आणि रिकामा कप खाली ठेवता ठेवता विचारले, "चहा झाला का रे?" त्यांना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, झाला म्हणून तो तुलाही होणारच, हे मात्र मला पटत नाही.

हा आजार जवळजवळ अटळ करणारे जनुकीय दोष आहेत, पण ते एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीनच जनुकांत आढळतात. आई किंवा वडिलांत असा दोष असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र अशी कुटुंबे अतिशय विरळ असतात आणि त्यांच्यात लक्षणे बहुधा चाळिशी-पन्नाशीतच दिसू लागतात. आबांना पंचाहत्तरीपर्यंत काहीच नव्हते.

तू म्हणतोस ती तपासणी एपीओई या जनुकाची. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील या जनुकाची ई-२, ई-३ आणि ई-४ अशी तीन रूपे असून, ई-४चा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ मध्ये उघड झाला. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, आई-वडिलांकडून एकेक आलेल्या. त्यांत ई-४ची एक प्रत असल्यास धोका सुमारे तिप्पट होतो आणि दोन असल्यास आठ ते बारा पट, असे सांगतात; पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावणे धाडसाचे ठरेल. शिवाय ई-४ असूनही कित्येक जण शेवटपर्यंत शाबूत राहतात, तर नसलेल्यांनाही हा आजार होतो. लेकानेमॅबसारखे अल्झायमरवरील औषध द्यायचे असेल, तर ही तपासणी खरोखर उपयोगी पडते, कारण ई-४च्या दोन प्रती असलेल्यांच्या मेंदूत या औषधाने सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो. तुझ्यापुढे आज तो प्रश्न नाही. उलट, दोन प्रती निघाल्या तर तुझ्या मुलीकडे एक असणारच, हे तिला न विचारता तुला कळून बसेल. त्याचे तू काय करणार?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे मांडली. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा ही त्यांतलीच. ती सर्व दूर झाली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. तुझी रक्तदाबाची गोळी आठवड्यातून किती वेळा चुकते, हे वहिनींनी मला सांगितले आहे.

आबांचे बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासले आहे का, तेवढे कळव; त्यांतल्या बिघाडानेही विसर पडतो. टीव्हीचा आवाज ते फार मोठा ठेवतात. पुण्याहून येशील तेव्हा आपण दोघे त्यांचे कान तपासून आणू.

तुझा,
विनायक