छायाचित्रांनाही भिंत द्या

छायाचित्रण हे यंत्राचे काम, त्याला चित्रप्रदर्शनात जागा नको, असे मत मांडणारे पत्र रविवारच्या अंकात वाचले. ते अजिबात पटले नाही. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा चंद्र टिपला आणि त्याच एका निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षे प्रिंट काढताना आकाश अधिकाधिक काळे करत नेले. हे यंत्राने ठरवले का? आपल्या कोल्हापुरात तर बाबूराव पेंटर यांनी कुंचला आणि कॅमेरा दोन्ही सारख्याच ताकदीने हाताळले.

माझ्या घरी तालमीतल्या एका पैलवानाचा फोटो आहे. चेहरा अंधारात, उजेड फक्त मोडलेल्या कानावर आणि त्याला चिकटलेल्या तांबड्या मातीवर. खिडकीतला कवडसा तिथवर सरकेपर्यंत माझा मित्र हौद्याच्या कडेला तासभर बसून होता. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी मोबाइलवर निघणारा प्रत्येक सूर्यास्त कलाकृती नसतो, हे मान्य. पण प्रत्येक जलरंगचित्र तरी कुठे असते? आयोजकांनी येत्या प्रदर्शनात छायाचित्रांसाठी एक भिंत राखून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर