सांबारवडीचा डबा

चि. छकुली हीस,
अनेक आशीर्वाद.

रात्री तुला पुण्याच्या गाडीत बसवून अजनी स्टेशनहून परत आलो तर सांबारवडीचा डबा ओट्यावर तसाच. जेवताना मी तोंड उघडलं नसतं तर तो राहिला नसता. मामासमोर 'खेळ करून पोट भरत नाही' म्हणालो, ते चुकलंच माझं. गाडी हलताना तू हात केलास आणि मी बॅगेला साखळी लावली का, एवढंच विचारत राहिलो.

तुझ्या गेम स्टुडिओतल्या नोकरीच्या कंत्राटाचा विषय पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

सकाळी तुझ्या टेबलावरचा ग्राफपेपर पाहिला. महालातून इतवारीकडे जाणाऱ्या गल्ल्या, आणि एका वळणावर एकदम समोर येणारी पिवळी मारबत, आपल्या नागपूरच्या तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीतला तो भला मोठा पुतळा. दिवाळीत तू हेच मला कॉम्प्युटरवर दाखवलं होतंस. रंग नाही, माणसं नाहीत, नुसते करडे ठोकळे. त्याला ब्लॉकआउट म्हणतात, म्हणालीस. आधी ठोकळ्यांतून चालून बघायचं, गल्ली किती रुंद हवी, उडी पोचते का, सजावट त्यानंतर. मला ते लगेच कळलं. मीही प्लॉटवर चुन्याने खोल्या आखून मालकाला त्यातून चालायला लावतो, भिंत उभी झाल्यावर हलवणं महाग पडतं. फरक एकच. माझ्या नकाशात माणूस चुकू नये म्हणून माझी धडपड. तुझ्यात तो थोडा चुकावा आणि लांबचा दिवा बघून आपसूक वाटेला लागावा.

सहा वर्षांची असताना तू माझ्या खांद्यावर बसून मारबत पाहिलीस आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गलका ऐकून माझे केस घट्ट धरलेस. ती भीती त्या कागदावर जशीच्या तशी आहे. मी बराच वेळ उभा होतो तिथे.

पण एका वर्षाचं कंत्राट, बेटा. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधली १,९०० माणसं कमी केली. एवढ्या मोठ्या कंपनीत ही गत. बघ, काढलाच विषय.

आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. भोंगा थांबला तरी ते पहाटे उठून डबा घेऊन निघायचे. एकदा मी त्यांना शुक्रवारी तलावाच्या काठावर एकटे जेवताना पाहिलं. आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही.

म्हणून म्हणतो, पहिल्या पगारापासून थोडे पैसे बाजूला टाक. स्टुडिओचं काम बाहेर दाखवता येत नाही, असं तूच सांगितलंस. तेव्हा मारबतीचं स्वतःचं काम सोडू नकोस, पुढच्या दारात तेच दाखवता येईल. गेम पूर्ण करायच्या घाईत रात्र रात्र जागू नकोस. जेवण... झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

'राजी' हा गेम पुण्यातच तयार झाला, २०२० साली जगभर गेला, हे मी आज मामाला फोन करून सांगितलं. कूलरच्या आवाजात त्याला ऐकू जाईना, तर दोनदा सांगितलं.

आई पुन्हा वड्या करतेय. दादा शनिवारी पुण्याला निघतोय, त्याच्याकडे देतो. आणि कंत्राटात नोटीस किती दिवसांची लिहिलीय, त्या पानाचा तेवढा फोटो पाठव.

तुझा,
बाबा