वाड्यातल्या संग्रहालयाला राखण हवी : संग्रहालय समितीचं आवाहन

समस्त गावकरी, माहेरवाशिणी आणि नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला राहणारी मंडळी यांना नमस्कार.

जुन्या वाड्यातल्या आपल्या संग्रहालयात वीरगळ आहेत, तांब्याची नाणी आहेत, सकळ लिपीतल्या, म्हणजे महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या आहेत, पितळी समया आहेत, शिवाय तिफण-डवऱ्यासारखी अवजारं आणि पायली-कुडवासारखी मापं आहेत. या सगळ्याच्या राखणीसाठी आम्ही ३,२०,००० रुपये मागतो आहोत, आणि १४ जणांची आठवड्यातून एक रात्र. पैसा कशावर खर्च होणार, ते आधी नीट सांगतो.

‘कॅमेरे लावा, झालं’ असं बरेच जण म्हणतात. पण कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही. १९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चोर ट्रकवरच्या मालवाहू शिडीनं भरदिवसा खिडकीशी पोहोचले, कटरनं पेट्या कापल्या आणि आठ मिनिटांच्या आत दागिने घेऊन पसार झाले. भोंगा वाजला होता. हैदराबादच्या निजाम संग्रहालयातून सप्टेंबर २०१८ मध्ये सोन्याचा हिरेजडित डबा गेला, तो झरोक्याची लोखंडी जाळी काढून आणि दोरानं खाली उतरून. डबा पुढे सापडला, पण वाट झरोक्यातूनच होती.

म्हणून हिशेब वेळेचा आहे. पोलीस ठाणं २२ किलोमीटरवर. फोन गेल्यापासून गाडी दारात यायला पाऊण तास धरा, पावसाळ्यात नाला भरला तर त्याहून जास्त. तेवढा वेळ चोराला अडवणारी भिंत हवी, नाहीतर पाच मिनिटांत धावून येणारी माणसं हवीत. आपल्याला दोन्ही लागतील.

आता आपला वाडा कसा आहे ते पाहा. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन फूट जाड, पण सबलीनं अर्ध्या तासात भगदाड पडेल अशा. वर कवेलू. कवेलू काढायला तर अवजारही लागत नाही, हातानं उचलले की खाली उतरायला वाट. अख्खा वाडा बंदिस्त करायला पंधरा लाखही पुरायचे नाहीत. त्यापेक्षा हातात उचलून नेता येईल अशी प्रत्येक मौल्यवान वस्तू मधल्या कोठीच्या खोलीत आणायची आणि ती एकच खोली पक्की करायची. खोली १२ बाय १४ फुटांची आहे. कवेलूंच्या खाली आणि चारही भिंतींना आतून सात फुटांपर्यंत ४ मिलिमीटर तारेची वेल्ड जाळी अँगलच्या चौकटीवर बसवायची, एकूण ५३२ चौरस फूट. जाळीला रेड ऑक्साइडचे दोन हात, वरून चुन्याचा गिलावा. सिमेंट नको. मातीच्या भिंतीवर सिमेंट ओल कोंडून ठेवतं, मग गिलावा फुगतो आणि आत उधई लागते. झरोक्याला १६ मिलिमीटरचे गज, चार-चार इंचांवर. चौकट भिंतीतून आरपार बोल्टनं आवळलेली, नट आतल्या बाजूला. दाराचा कोयंडाही तसाच, आरपार. महागडं कुलूप आणि चार स्क्रूंवरचा कोयंडा, हीच नेहमीची चूक असते. चोर कुलपाला हात लावत नाही, स्क्रू काढतो. या कामाला १,१५,००० रुपये.

काचपेट्या चार, ७२,००० रुपयांच्या. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट पडदा असलेली. फुटली तरी जागेवरच लटकते आणि हात घालायला बराच वेळ जातो. टफन्ड काच एका फटक्यात दाण्यादाण्यानं खाली येते, ती इथे कामाची नाही.

भोंग्याचा संच २४,००० चा. दार आणि दोन खिडक्यांना चुंबकी स्विच, प्रत्येक पेटीला कंपन ओळखणारा सेन्सर, दोन भोंगे (एक आत, एक पाराच्या दिशेला) आणि पाच मोबाइलवर आपोआप फोन लावणारा डायलर. यात आपल्या भागातल्या अडचणी आधीच ओळखून घ्याव्या लागतात. पावसाळ्यात काळी माती फुगते, दाराची चौकट सरकते, चुंबक आणि स्विचमधलं अंतर वाढतं आणि भोंगा उगाच वाजतो. चारदा खोटा वाजला की पाचव्यांदा कोणी उठत नाही. त्यामुळे जास्त अंतर झेलणारे स्विचच घ्यायचे. अंगाच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर मे महिन्यात जवळपास आंधळा होतो, कारण खोलीच ३६-३७ अंशांवर गेलेली असते आणि माणूस वेगळा दिसत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर काहीच सोडायचं नाही. डायलरच्या सिमचा रिचार्ज संपला तर सगळा संच मुका, म्हणून रिचार्ज वर्षभराचा एकदमच मारायचा.

कॅमेरे सहा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी जागा घेतो, सहांचे ३० दिवस म्हणजे ३,८०० जीबीच्या आसपास. त्यासाठी ६ टीबीची डिस्क. लाइन गेली तर १५० एएचच्या बॅटरीवर आणि इन्व्हर्टरवर दहा-बारा तास निघतात, पण उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाणी दर महिन्याला बघायलाच हवं. सोबत सर्ज प्रोटेक्टर आणि वेगळं अर्थिंग, नाहीतर मृगाच्या पहिल्या विजेत रेकॉर्डर जळेल. रेकॉर्डर ऑफिसच्या टेबलावर ठेवला तर चोर तोच उचलून नेतो, म्हणून तो कोठीच्या आत, कुलपात. रात्री कॅमेऱ्याच्या लाल उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि आठवड्यात काचेवर असं जाळं होतं की चित्रात पांढऱ्या धाग्यांखेरीज काही दिसत नाही. दर शनिवारी कोरड्या फडक्यानं पुसणं हे कॅमेरा विकत घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. सगळं मिळून ८८,००० रुपये.

उरलेले २१,००० आगीसाठी. विजेच्या बोर्डाजवळ साडेचार किलोचे दोन सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर आणि पोथ्यांसाठी एक क्लीन एजंटचा, म्हणजे मागे काही न उरणाऱ्या वायूचा. स्वस्तातला एबीसी पावडरवाला आग विझवतो खरा, पण ती पावडर पितळ-तांबं खाते आणि पोथीच्या पानांतून निघत नाही. सीओटूला काटा नसतो, दर वर्षी वजन करूनच कळतं. गॅसचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं की भरून आणायचा.

एका कामाला मात्र पैसा लागत नाही, आणि चोरीनंतर वस्तू परत मिळवून देणारं तेच आहे: प्रत्येक वस्तूचा फोटो आणि नोंदपत्र. ‘काळ्या दगडाची विष्णूची मूर्ती’ एवढ्या नोंदीवर काहीही सापडत नाही. ‘उंची ४१ सेंटिमीटर, शंखाची वरची कड तुटलेली, पाठीवर छिन्नीचे तिरपे तीन घाव’ असं लिहिलं तर मूर्ती कुठल्याही दुकानात ओळखता येते. फोटो चारही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, आणि तुटकी जागा जवळून. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडतात. नोंदणीसाठीही हेच फोटो लागतील. चांगला मोबाइल आणि सुवाच्य अक्षर असलेल्या मुला-मुलींनी परीक्षा झाल्या की यावं.

रात्रीच्या राखणीला दोघं-दोघं, म्हणून १४ जण. काम पकडापकडीचं नाही. भोंगा वाजला की दिवे लावायचे, आरडाओरड करून पाच घरं उठवायची, पोलीस पाटलांना आणि ११२ ला फोन करायचा. आत शिरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. किल्ल्या दोन जणांकडे, आणि कोठी उघडताना दोघांच्याही सह्या वहीत.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात समितीच्या पावती पुस्तकावरच द्यावी, पावतीशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत. पैशाऐवजी अँगल, चुना, वेल्डिंगचे दोन दिवस किंवा जाळी आणायला बंडी-ट्रॅक्टर दिला तरी त्याची किंमत लावून पावती मिळेल. कवेलू उतरवून जाळी बसवायला १२ दिवस लागतात आणि उघड्या छपरावर पाऊस आला तर पोथ्या गेल्या. म्हणून गुढीपाडव्यापर्यंत निदान कोठी पक्की करायचे १,१५,००० जमायला हवेत. मृग लागायच्या आत कवेलू पुन्हा चढलेले असले पाहिजेत.