सोहराब नावाबद्दल

चिनू,

काल फोनवर मी जरा जास्तच बोललो, आईने नंतर मला ऐकवलंच. बाळाचं नाव तुम्हीच ठेवायचं, मान्य. शिरीनला सांग, सासऱ्यांना इराणी नावाचं वावडं नाही. आपल्या नाशिकची कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ चा जन्म, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली बाई, तिच्या आडनावात सोहराबच आहे. ते मोठे वकील सोली सोराबजी, त्यांचं सोलीसुद्धा त्यातलंच. पारशांनी ‘ह’ खाल्ला, पण नाव पिढ्यान्पिढ्या ठेवलं, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि तुम्ही तर काशानच्या त्या कवीवरून ठेवताय, सोहराब सेपेहरी, व्याह्यांच्या गावचा माणूस. चांगलंच आहे.

पण मी शाहनामा, ते इराणी महाकाव्य, वाचायला घेतला ना, तिथेच सगळं बिनसलं. फिर्दौसीने १०१० च्या सुमारास पुरा केला म्हणे, हजार वर्षं झाली तरी झोप उडवतो. रुस्तम बायकोला, तहमीनेला, होणाऱ्या पोरासाठी एक बाजूबंद देऊन जातो तो जातोच. पोरगा, म्हणजे सोहराब, बापाला शोधत फौज घेऊन निघतो, तहमीना सोबत मामाला पाठवते, कारण बापाला ओळखणारा तोच, आणि रुस्तम रात्री छावणीत शिरून नेमका त्यालाच एका ठोशात गार करतो. मग कुस्ती, पोरगा नाव विचारतो, बाप सांगत नाही, आणि खंजीर खुपसल्यावर बाजूबंद दिसतो. राजाकडे औषध असतं, नोशदारू, तो वेळेवर देत नाही. शिरीनच म्हणाली होती ना, तिकडे उशीर झाला की अजून म्हणतात, सोहराब गेल्यावर नोशदारू.

गोष्टच आहे, कळतं मला. मरणाचं नाही रे, ते न ओळखण्याचं डोक्यातून जात नाही. मी भुसावळला होतो तेव्हा सुट्टीत घरी आलो तर तू आईच्या मागे लपलास, ‘हे काका कोण’ म्हणालास, सगळे हसले, मी पण हसलो. आता तुझा पोरगा मोबाईलवरच माझं तोंड बघणार. दर वर्षी एकदा तरी आणा, निदान पहिली पाच वर्षं, मुलं तेवढ्यात भाषा पकडतात, तुम्ही दोघं घरी इंग्रजीच बोलता, ते पण... जाऊ दे, परत लेक्चर सुरू झालं, सॉरी.

बारसं इकडे करता आलं तर बघ, आत्या कुर्र करायला टपून बसलीय. तिकीट मी काढतो. आणि व्याह्यांना म्हणावं नाव नीट म्हणून व्हॉइस मेसेज पाठवा, माझ्या तोंडून सारखं सोराबच येतंय.

बाबा