आई-बाबा, ऑनिंगचे बोल्ट घ्यायच्या आधी हे वाचा

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, बाबा मधेच "बरं बरं, बघतो" म्हणून फोन आईकडं देतात, म्हणून लिहूनच पाठवते.

फिटर म्हणाला म्हणे, "फास्टनर ठोकतो, काय होत न्हाई". त्याचं काम चांगलंय, आपलं ग्रिल त्यानंच बसवलं, पण ग्रिल भिंतीलगत असतं आणि हे ऑनिंग, म्हणजे उन्हासाठीचं गुंडाळतं कापडी छत, उघडलं की अडीच मीटर बाहेर जाणार. तो ६० किलो वजन बघून बोलतोय, पण बाहेर गेलेलं वजन पहारीनं दगड उचकटावा तसं बोल्ट उचकटतं. ऑनिंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टांत अंतर १५ सेंमी, वजनाचा मध्य भिंतीपासून एक मीटरवर धरा, वरच्या बोल्टांवर मिळून ४०० किलोची ओढ झाली, आणि हे वारा पडलेला असताना. आपल्याकडचा वळीव कसा येतो ते मी तुम्हाला काय सांगू! ताशी ७२ किमीचा झोत आला तर चौरस मीटरला २४ किलोच्या आसपास दाब, आपलं कापड ४ बाय अडीच, म्हणजे २४० किलो, आणि ते सव्वा मीटर बाहेर, म्हणजे बोल्टांवर अजून दोन टन. तीन ब्रॅकेट, वर दोन-दोन बोल्ट, एकेकाच्या वाट्याला ४०० किलो, तेही सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं तर. वारा खालून शिरला की उलटं, मग खालचे बोल्ट ओढले जातात.

त्यामुळं गिट्टी (भिंतीतल्या भोकात ठोकतात ती खुंटी) आणि स्क्रूचं नावच नको, ते घड्याळ-कॅलेंडरला ठीक.

ब्रॅकेट बीमवरच आलं पाहिजे, विटकामात नाही. ड्रिल मारताना लाल पूड आली तर थांबवा त्याला, राखाडी आली आणि बिट जड चाललं तर काँक्रीट. आणि गिलाव्याची जाडी धरायची नाही, बोल्ट आतल्या काँक्रीटमध्ये किती गेला तेवढंच खरं.

आता तो म्हणतोय तो अँकर फास्टनर वाईट नसतो. नट आवळला की आत फाकतो आणि काँक्रीटला दाबून धरतो, स्वस्त आहे आणि लगेच लोड घेतो. पण त्याच फाकण्यामुळं कडेजवळ खपली उडते, आणि आपला बीम जुना, उंचीला कमी, ब्रॅकेट कडेजवळच येणार. म्हणून माझं मत केमिकल अँकर, म्हणजे भोकात ट्यूबमधलं केमिकल भरून त्यात रॉड चिकटवायचा. एम १२ चा (१२ मिमी जाडीचा) आटेवाला थ्रेड रॉड, १४ मिमीचं भोक, काँक्रीटमध्ये ११० मिमी खोल. महाग पडेल, पडू दे, ऑनिंगच्या किमतीपुढं ते काहीच नाही.

फक्त केमिकलमध्ये लोक माती खातात ती भोक साफ करण्यात. आत पूड राहिली की केमिकल पुडीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, परत हवा, असं दोन-तीनदा, बाबा तुम्ही शेजारी उभं राहूनच करून घ्या. ट्यूबमधून सुरुवातीला निघतं ते नीट मिसळलेलं नसतं, एकसारखा रंग येईपर्यंत टाकून द्यायचं. रॉड हळू फिरवत आत घालायचा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, "चहा घेऊन येतो, तोवर होतंय" असलं चालणार नाही. सळई लागली तर ती कापायची नाही, भोक सरकवायचं, आणि फसलेलं भोक ग्राउटनं (सिमेंटच्या घट्ट मसाल्यानं) भरून घ्यायचं.

रॉड, नट, वायसर सगळं एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं घ्या, आपला पावसाळा साध्या लोखंडाला ठेवत नाही. उद्यमनगरात मिळेल.

आई, एक काम तुझ्याकडं, कारण बाबा "राहू दे की" म्हणणार. आभाळ भरून आलं की ऑनिंग आत गुंडाळायचं, ते उन्हासाठी आहे, वादळासाठी नाही. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

बीमचा एक फोटो टाका, शेजारी टेप धरून, उंची दिसली पाहिजे. मी खुणा करून पाठवते, तोवर फिटरला अॅडव्हान्स देऊ नका. आणि बाबा, टेप धरायला शेजारच्या पोराला बोलवा, तुम्ही स्टुलावर चढू नका.

तुमची लेक