सिस्टर, चार नंबरच्या आजोबांसाठी

आदरणीय सिस्टर,

हे पत्र तुम्हाला तेव्हाच द्यायला हवं होतं. पण कोरोना वॉर्डातली ड्युटी संपवून अंगावरचं संरक्षक पीपीई किट काढलं की पेन धरायचंही त्राण नसायचं, आणि पुढे तुमची बदली झाली. आता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही शिकवलेलं माझ्या एकटीपाशी राहावं असं मला वाटत नाही.

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ म्हटलं, तेव्हा मी नुकतीच नर्सिंग पास झाले होते. हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्ताशी किंवा अंगातल्या स्रावाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या कॉटला, लॉकरला, मशिनला हात लावून झाल्यावर. परीक्षेत मार्कही चांगले पडले होते.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ड्युटी रूममध्ये बोलावलंत. पांढरे ग्लोव्हज घालायला लावलेत, तळव्यावर निळी शाई ओतलीत आणि म्हणालात, "डोळे मीट आणि हँडरब, म्हणजे सॅनिटायझर, लावतेस तसे हात चोळ." वीस सेकंदांनी मी डोळे उघडले. तळवे गर्द निळे झाले होते. अंगठ्यांची मागची बाजू आणि बोटांची टोकं मात्र कोरी राहिली होती. "सलाइनच्या नळीच्या जोडाला, कनेक्टरला, तुझा काय लागतो गं, तळवा की बोटांची टोकं?" एवढंच विचारलंत आणि राउंडला निघून गेलात. त्या दिवसापासून मी आधी अंगठे चोळते, मग बोटांची टोकं, तळवे सगळ्यात शेवटी.

माझी खरी चूक मात्र याहून मोठी होती, आणि ती तुमच्याशिवाय कुणी दाखवली नसती. भीतीपोटी मी ग्लोव्हजच्या दोन जोड्या घालायचे आणि तासन् तास त्या काढायचेच नाही. वरून सॅनिटायझर मारला की झालं, असा माझा समज. एकदा तीन नंबरच्या कॉटवर सक्शन करून, म्हणजे नळीने कफ ओढून काढून, मी तशीच चार नंबरच्या आजोबांच्या सेंट्रल लाइनकडे, मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीकडे, वळले. तुम्ही पलीकडून हात वर करून मला थांबवलंत.

"ग्लोव्हज कुणासाठी घातलेस?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. दुसरं उत्तर सुचलंच नाही.

"मग आजोबांसाठी काय घातलंस?"

किटच्या आत मला घाम फुटला. त्या आजोबांना कोरोना आधीच झालेला होता. माझ्या हातून त्यांना लागण होणार होती ती वेगळीच, शेजारच्याच्या कफातल्या जंतूंची, थेट रक्तात. विषाणूतून सावरत आलेला माणूस अशा जंतुसंसर्गाने हातचा जाऊ शकतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण महासाथीच्या त्या दिवसांत आमचं सगळं लक्ष आपल्याला काही होऊ नये याच्यावर. जवळजवळ सगळ्याजणी तशाच वागत होतो. तुम्ही माझे ग्लोव्हज उतरवलेत, हात चोळायला लावलेत, नवी जोडी घालायला दिलीत. मग कनेक्टर कसा घासून पुसायचा आणि तो वाळेपर्यंत कसं थांबायचं, ते शेजारी उभं राहून दाखवलंत. ग्लोव्हजला न दिसणारं छिद्र असू शकतं आणि ते काढतानाही हाताला घाण लागते, म्हणून काढल्यावर हात स्वच्छ करायचेच, हेही तेव्हाच सांगितलंत. वॉर्डात इतकी धावपळ चालू असताना तुम्ही माझ्यासाठी ही पाच मिनिटं काढलीत.

आणि डॉफिंग, म्हणजे किट उतरवणं. सहा तासांनंतर डोकं ठणकायचं, नाक खाजायचं, कधी एकदा हे सगळं ओरबाडून फेकते असं व्हायचं. किटच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यात जास्त जंतू आणि आपण सगळ्यात थकलेल्या, असा तो क्षण. तुम्ही दाराबाहेर उभ्या राहून एकेक पायरी मोठ्याने म्हणायच्या. ग्लोव्हज. गाऊन आतली बाजू बाहेर करत. हात. गॉगल मागून. हात. मास्क शेवटी, पट्ट्यांना धरून, पुढून नाही. पुन्हा हात. पहाटे चारलाही तुमचा आवाज तितकाच शांत असायचा, जणू घाई कसलीच नाही.

एकदा वॉर्डात माझा मास्क नाकावरून सरकला. बोलू की नको, या विचारात माझा एक मिनिट गेला. ओरडा बसेल, नाव लिहून घेतील अशी धास्ती. शेवटी सांगितलं. तुम्ही लगेच मला बाहेर काढलंत, नोंद केलीत आणि म्हणालात, "सांगितलंस, फार बरं केलंस पोरी." सिस्टर, दुसऱ्या एका वॉर्डात अशाच चुकीवर एका मुलीला सगळ्यांदेखत झापलं होतं. त्यानंतर तिथल्या मुली काही झालं तरी गप्प राहायला लागल्या. तुमच्या वॉर्डात आम्ही बोलायचो, म्हणून चूक वेळेत सापडायची.

5 मे 2023 ला कोरोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. 5 मे हा हात स्वच्छतेचाही जागतिक दिवस. ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा तुम्हीच आठवलात.

आता नव्या मुली माझ्याकडे येतात. शाईची बाटली ड्युटी रूमच्या कपाटात असते, आणि चार नंबरच्या आजोबांची गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. ते बरे होऊन चालत घरी गेले, हेही सांगते. मागच्या आठवड्यात एका कॉटवरून दुसऱ्या कॉटकडे मी घाईने वळले, तर त्यांच्यातलीच एक हळूच म्हणाली, "सिस्टर, हात." मी थांबले, हँडरब घेतला, आधी अंगठे चोळले.

तुमचे मनापासून आभार.

तुमच्या वॉर्डातली,
दोन जोड्या ग्लोव्हज घालणारी